दोन कप्प्यांचा संसार

गेल्या दिवाळीत आम्ही साताऱ्याला थोरल्या बंधूंकडे गेलो होतो. अभ्यंगस्नान, चकल्या, चिवडा सारे यथासांग झाले. पण घराला सणाची कळा नव्हती. वहिनी गप्प, दादा घुश्शात आणि आमची पंधरा वर्षांची पुतणी माडीवरून खाली उतरायला तयार नाही. चौकशी करता कळले की, भांडण धनुष्यावरून होते!

वाचकहो, हसू नका. साताऱ्यात धनुष्याला हसण्याची सोय आता उरलेली नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली आणि साताऱ्यातच शिकलेल्या नागपूरच्या ओजस देवतळेने त्याच दिवशी १५० पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचे अजिंक्यपद मिळवले. दोघांच्याही हातात होते ते कंपाउंड धनुष्य. आमच्या दादांनीही सोसायटीचे कर्ज काढून मुलीला तसलेच आणले होते.

पन्नास मीटरवरचे लक्ष्य ८० सेंटिमीटरचे, त्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटरचे, म्हणजे आमटीच्या वाटीएवढे. दोन महिने पोरीचे बाण त्या वाटीत पडत होते. मग एक वर, एक खाली असे भरकटू लागले. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आलेली.

“लक्षच नाही तुझं!” दादा कडाडले.

“बाबा, भिंत मऊ लागतेय,” ती म्हणाली.

“ही चाचणी झाली की विकून टाकतो ते धनुष्य!” दादांनी निकाल दिला.

आता ही भिंत कसली? मिसुरीच्या होलेस विल्बर अ‍ॅलन नावाच्या गृहस्थाने १९६६ मध्ये या धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६९ मध्ये मिळाले. धनुष्याच्या दोन टोकांना दोन कप्प्या. विहिरीवरची कप्पी गोल असते. ही मुद्दामच वाकडी, आस मध्यापासून ढळलेली. तिला कॅम म्हणतात. दोरी ओढताना आधी जोर लागतो, पण कप्पी फिरली की भार उतरतो. साठ पौंडांच्या धनुष्याचा तीन-चतुर्थांश भार उतरला, तर नेम धरताना हातावर पंधराच पौंड राहतात. दोरी आणखी मागे येईना, ती जागा म्हणजे भिंत.

दोन्ही कप्प्या केबल म्हणजे जाड दोऱ्यांनी बांधलेल्या असतात. धनुष्य पूर्ण ओढले की दोघींच्या खुंट्या एकाच क्षणी टेकल्या पाहिजेत. एक आधी पोहोचली आणि दुसरी मागून आली, तर भिंत एकदा लागते, जरा सरकते आणि पुन्हा लागते. बाण सुटताना त्याची शेपटी वरखाली होते. नेम बिनचूक असला तरी बाण चुकतो.

भाऊबीज उरकल्यावर आम्ही पुतणीला घेऊन तिच्या गुरुजींकडे गेलो. दादा “बघू काय ते” म्हणत मागून आलेच. गुरुजींनी धनुष्य फळीवर अडकवून हातरहाटाने सावकाश ओढले. वरची खुंटी टेकली. खालची मात्र तांदळाच्या दाण्याएवढी दूर!

“वापराने दोऱ्या ताणतात, आणि दोन्ही सारख्याच ताणतात असं नाही,” गुरुजी म्हणाले. त्यांनी धनुष्य दाबयंत्रात धरून दोऱ्या सैल केल्या आणि एका केबलला अर्धा पीळ दिला. पीळ दिला की दोरी आखूड होते. कोणत्या केबलला पीळ द्यायचा, हे त्या त्या धनुष्याच्या घडणीवर ठरते. पुन्हा ओढून पाहिले, आणखी अर्धा पीळ दिला; तेव्हा दोन्ही खुंट्या एकदम टेकल्या. पीळ बदलला की ओढीची लांबी आणि पौंडही बदलू शकतात, म्हणून तेही मोजले. शेवटी कप्पीवर पांढऱ्या शाईची खूण केली, म्हणजे पुढे फरक पडला तर डोळ्यांना दिसावा.

दाबयंत्रावाचून घरी हा उद्योग कोणी करू नये. आणि बाण न लावता ओढलेली दोरी तर चुकूनही सोडू नये. धनुष्य फुटते आणि माणूस जायबंदी होतो.

“ही किती दिवस सांगत होती?” गुरुजींनी विचारले. दादा खुंट्यांकडे बघत राहिले. “महिनाभर,” त्यांनी कबूल केले.

चाचणीत पुतणी तिसरी आली, घेतल्या दोघीच. पण धनुष्य विकले गेले नाही. वहिनी सांगतात, दर रविवारी मुलगी मैदानावरून आली की दादा गुण विचारत नाहीत. आधी विचारतात, “भिंत कशी आहे गं?”