विश्लेषण: अर्धवट सोडलेलं एमए पुन्हा सुरू करता येतं का?

हिवरे बाजारचं नाव निघालं की पाणी आणि पोपटराव पवार आठवतात. १९८९ मध्ये एम.कॉम. झालेला हा तरुण गावाचा सरपंच झाला. पुढे डोंगरउतारावर चर खोदले गेले, बोअरवेलच्या पाण्यावर शेती करायची नाही असं गावानं ठरवलं आणि पोटासाठी बाहेर पडलेली कुटुंबं माघारी आली. गावाकडे परतायला कुणाची परवानगी लागत नाही. अर्धवट सोडलेल्या पदवीकडे परतायला मात्र लागते. ती मिळणार की नाही, हे बरंचसं तुम्ही शिक्षण कोणत्या वर्षी सोडलं यावर ठरतं.

नगर तालुक्यातल्या गावांमधून एमए, एम.कॉम.साठी शहरात जाणाऱ्यांचं पहिलं वर्ष बहुतेक वेळा निभावतं. मग घरचं आजारपण येतं, गोठा सांभाळायला माणूस नसतो, नोकरी लागते किंवा लग्न ठरतं. आठ-दहा वर्षांनी पुन्हा शिकावंसं वाटतं, तेव्हा पहिला प्रश्न असतो: ‘माझं पहिलं वर्ष धरतील का?’

जुना नियम काय होता?

यूजीसीचा संकेत असा की अभ्यासक्रमाचा कालावधी अधिक दोन वर्षं, एवढ्यात पदवी पूर्ण करायची. म्हणजे दोन वर्षांच्या एमएला चार वर्षं. अपवाद म्हणून आणखी एखादं वर्ष. त्यानंतर पहिल्या वर्षाची गुणपत्रिका फक्त कपाटात ठेवायची.

२०२१ नंतर काय बदललं?

जुलै २०२१ मध्ये ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली. उत्तीर्ण झालेल्या विषयांची क्रेडिट्स खात्यात जमा होतात, कमाल सात वर्षं टिकतात आणि दुसऱ्या विद्यापीठातही वापरता येतात. नव्या धोरणात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून एका वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायचीही सोय आहे.

याचा सर्वात मोठा उपयोग मुलींना व्हायला हवा. समजा, नगर तालुक्यातली मुलगी एमएचं पहिलं वर्ष करून शेजारच्या आष्टीत नांदायला गेली. अंतर थोडं, पण जिल्हा बदलला आणि विद्यापीठही. अहिल्यानगर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे, तर बीड डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे. पूर्वी अशा वेळी जवळपास शून्यापासून सुरुवात करावी लागे. आता निदान कागदावर तरी तिची क्रेडिट्स तिच्याबरोबर जाऊ शकतात.

कागदावर म्हणायचं कारण आहे. क्रेडिट्स विद्यार्थ्याला स्वतः जमा करता येत नाहीत, संस्थेनं चढवावी लागतात. त्यामुळे डिजिलॉकरवर खातं आहे पण आत काहीच नाही, असं होऊ शकतं. शिवाय पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मी क्रेडिट्स मिळवावी लागतात, आणि क्रेडिट्स असली म्हणून प्रवेशाची हमी नसते.

खरी मेख तारखेत आहे. २०२१-२२ किंवा त्यानंतरच्या शैक्षणिक वर्षात मिळवलेली क्रेडिट्सच या बँकेत चालतात. २०१४ मध्ये एमए सोडलेल्याला हे दार उघडत नाही. परत येण्याची इच्छा असणाऱ्यांत याच वयाची माणसं बरीच असणार, आणि योजनेच्या जाहिरातीत हे ठळकपणे सांगायला हवं होतं.

मुदत देऊन जागा राखणं ही काही नवी कल्पना नाही. १९१७ मध्ये बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यानं डॉ. आंबेडकरांना लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठानं त्यांना ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. मुदत उलटली असती तर? जिद्द तीच राहिली असती, पण विद्यापीठाच्या दारात सगळं नव्यानं मागावं लागलं असतं.

मग २०२१ पूर्वी सोडलेल्यांनी काय करायचं?

एमएला नव्यानं प्रवेश घ्यायचा. बुडतं ते पहिलं वर्ष, बी.ए., बी.कॉम.ची पदवी कायम राहते आणि तीच प्रवेशाला लागते. रोज शहरात जाणं शक्य नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे (तेही १९८९ चंच). मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीनं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. फक्त त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, हे शुल्क भरण्याआधी यूजीसीच्या यादीत पाहावं.

ज्यांनी २०२१-२२ नंतर सोडलं, त्यांनी आधी खातं उघडून पाहावं. क्रेडिट्स दिसत नसतील तर जुन्या कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. २०२२ मध्ये मिळवलेल्या क्रेडिट्सची सात वर्षं २०२९ मध्ये संपतात.