पिवळी वायर, पांढरी वायर

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे की, यंत्रांची आणि माझी पत्रिका जुळत नाही. वर्गात वृत्ते आणि अलंकार शिकविणाऱ्या माणसाने विजेच्या वस्तूंपासून चार हात दूर राहावे, असे आमच्या घरातले सर्वमान्य मत आहे. असे असता यंदा दिवाळीच्या तोंडावर, एका रविवारी, मी पुण्याच्या जुन्या बाजारात एका थोराड टेलिव्हिजनमागे उकिडवा बसून त्याच्या पाठीवरची भोके मोजीत होतो. हे कसे घडले ते सांगतो.

माळा आवरताना माझ्या मुंजीची व्हिडिओ कॅसेट सापडली. सन १९८९. सौ. ती रद्दीत टाकणार, एवढ्यात आई म्हणाली, "अरे, थांबा. त्यात ह्यांचा आवाज असेल."

वडील जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांचे फोटो घरात पुष्कळ आहेत. आवाज मात्र कोठेच नाही. कॅसेट एकदम दागिन्यांच्या डब्याशेजारी जाऊन बसली.

मेहुण्यांच्या अडगळीतून व्हीसीआर आला. तो दुरुस्त करून घ्यावा लागला, कारण नवा मिळण्याची सोय उरलेली नाही. हे यंत्र शेवटपर्यंत बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली काम थांबविले. चिरंजीवांनी तो भिंतीवरच्या नव्या टीव्हीला जोडला. चित्र दिसले, पण पाण्यात बुडाल्यासारखे. आणि मधूनच पडदा काळा होऊन 'सिग्नल नाही' अशी पाटी झळके. मुंडावळ्या बांधलेला मी दिसे-न-दिसे तोच अंतर्धान पावे.

"बाबा, टीव्ही बिघडलेला नाही," चिरंजीव म्हणाले. "आपल्याकडची कॅसेट पाल पद्धतीची. चित्राच्या ओळी ६२५. त्याही एकदा विषम, एकदा सम, अशा सेकंदाला ५० हप्त्यांनी येतात. नव्या पडद्याला ते हप्ते जुळवून आपल्या ठिपक्यांत ताणून बसवावे लागतात. त्यात जुनी फीत डळमळत चालते. तिचा ताल चुकला की हा सरळ हात वर करतो. ट्यूबच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत ओळीमागून ओळ ओढीत जातो. फीत डळमळली तर तोही थोडा डळमळेल, पण चालत राहील."

मला एकदम उमगले. नवा टीव्ही म्हणजे कडक परीक्षक. ऱ्हस्वदीर्घ चुकले की गुण शून्य. जुना टीव्ही म्हणजे कीर्तनाला बसलेली आजी. शब्द अडखळला तरी अर्थ घेते.

म्हणून जुना बाजार. तेथील वयस्कर मेकॅनिकने मला अर्ध्या तासात जे शिकविले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल. सेट थंड असतानाच चालू करायला सांगावा. चित्र फार उशिरा उगवले आणि पांढऱ्याच्या जागी मातकट रंग दिसला, तर ट्यूब 'वीक' झाली असे समजावे. मग अर्धा तास चालू ठेवून पाहावे. कोपऱ्यात हिरवेजांभळे डाग दिसले तर बहुधा जवळच्या स्पीकरच्या लोहचुंबकाचा प्रताप असतो. चुंबक दूर करून सेट काही वेळ बंद ठेवावा आणि पुन्हा लावावा. चालू होताना 'धप्प' असा आवाज करून सेट स्वतःच ते डाग पुसतो. न पुसले गेल्यास सेट सोडावा. रिमोट मागून घ्यावा. पुष्कळ सेटांत 'ए.व्ही.' निवडण्याचे बटण फक्त त्याच्यावरच असते. आणि २९ इंचांच्या मोहात पडू नये. काचच एवढी जड की चौघे उचलणारे लागतात. आम्ही २१ इंचांवर समाधान मानले.

आता पाठीवरची भोके. नुसते अँटेनाचे भोक असेल, तर व्हीसीआर त्यातूनही चालतो. पण चित्र आणि आवाज एकाच वाटेने कोंबले जातात आणि मुंग्या येतात. त्याहून बरी ती पिवळी पिन. तिच्यात उजेड आणि रंग एकाच वायरीतून येतात व टीव्हीला ते निवडावे लागतात. म्हणून बारीक रेघांच्या सदऱ्यावर भलतेच इंद्रधनुष्य उमटते. चार सुयांच्या गोल एस-व्हिडिओत उजेड वेगळा, रंग वेगळा. त्याहून वर हिरव्या, निळ्या, लाल अशा तीन पिनांची कंपोनंट जोडणी, डीव्हीडीला उत्तम. येथे एक सावधगिरी बाळगावी. पिवळ्याजवळची लाल पिन आवाजाची आणि निळ्याजवळची लाल पिन चित्राची. माझा पहिला गोंधळ तेथेच झाला.

"एस-व्हिडिओवालाच घेऊ," मी ऐटीत म्हणालो.

मेकॅनिक हसले. "साहेब, तुमच्या साध्या व्हीसीआरला तशी पिन आहे का?"

नव्हती. पिवळ्या पिनेचा सेट घेतला. जाताना त्यांनी बजावले, "मागचे झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये जोरदार करंट साठून राहतो. आणि कधी टाकायचा झाला, तर कचऱ्यात नको. काचेत शिसे असते. ई-कचरावाल्याला द्या."

घरी आल्यावर आधी कॅसेटवर बुरशी नाही ना ते पाहिले. मग एक निकामी कॅसेट लावून व्हीसीआर फीत चावत नाही याची खात्री केली. फीत दर खेपेस झिजते, म्हणून चिरंजीवांनी त्याच वेळी कॉम्प्युटरवर नक्कल उतरविण्याची तजवीज केली. लक्ष्मीपूजन आटोपल्यावर सारे घर त्या डब्यापुढे बसले.

चित्र सुरेख आले. मांडव, लाइटवाल्याचा डोळे दिपविणारा दिवा, मातृभोजन, मी आणि माझा नवा गोटा. मुले खिदळू लागली. मी अभिमानाने आईकडे पाहिले, तर तिने डोळे मिटून घेतले होते.

"आई, दिसत नाही का तुला?"

"गप्प बस रे," ती म्हणाली.

इतक्यात पडद्याबाहेरून, कॅमेऱ्यामागून, वडिलांचा आवाज आला. लाइटवाल्याला ते सांगत होते, "अहो, जरा बाजूला सरका. तिला दिसत नाहीये."

बस्स, एवढेच. ते संबंध कॅसेटभर नंतर कोठे बोललेले नाहीत. आईने डोळे उघडले नाहीत, म्हणाली, "पुन्हा लाव."

महिनाभर मी पिवळ्या वायरीचा घोर घेतला होता. आईला हवी होती ती शेजारची पांढरी, आवाजाची.