बालगृहातील ‘दांडगी’ मुले

एखाद्या बालगृहातून मुले पळून गेली, किंवा तेथे मारामारी होऊन तावदाने फुटली, म्हणजे त्या संस्थेकडे चार दिवस समाजाचे लक्ष जाते. चौकशीचे हुकूम सुटतात, कुंपणाची भिंत उंच होते आणि शिस्त अधिक कडक केली जाते. मुले अशी का वागली, हा प्रश्न मात्र चौकशीच्या कक्षेत क्वचितच येतो.

या बाबतीत रुमानियाचा अनुभव बोलका आहे. चौसेस्कू राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. पोसता न येणारी मुले सरकारी संस्थांत जमा होत गेली. १९८९ च्या अखेरीस ती राजवट कोसळली, तेव्हा अशा मुलांची संख्या लाखाच्या वर होती. पुढे बुखारेस्टमध्ये संशोधकांनी संस्थांतील १३६ बालकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. निम्मी मुले प्रशिक्षित पालक-कुटुंबांकडे सोपविली. उरलेल्यांची नेहमीची व्यवस्था चालू राहिली. साडेचार वर्षांच्या वयात कुटुंबात वाढणाऱ्या मुलांची भीती व उदासीनता कमी झालेली दिसली. आक्रमकता व अतिचंचलता यांत मात्र फरक पडला नव्हता. बाराव्या वर्षापर्यंत दांडगाईही कमी झाली, आणि ज्यांचे घर मध्येच बदलले नाही त्यांची स्थिती अधिक चांगली होती. झालेली हानी भरून येऊ शकते, पण त्यासाठी काळ लागतो आणि माणूस तेच राहावे लागते, हा यातील धडा आहे.

आपल्या बालगृहांत नेमकी हीच गोष्ट दुर्मिळ आहे. काळजीवाहक पाळीपाळीने येतात, अधीक्षकांच्या बदल्या होतात. आधीच उपासमार, मारहाण किंवा वियोग सोसलेले मूल प्रत्येक नव्या माणसाला पारखून पाहते. ते खोटे बोलते, भाकरी उशाखाली लपविते, अंगावर धावून जाते. हाही आपल्याला टाकून जाईल काय, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. शिक्षा झाली, की त्याला आपले उत्तर मिळते. अनेक मुलांना एकट्याने सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला दोष देऊन भागणार नाही. दोष रचनेचा आहे.

संस्था हा अखेरचा उपाय असावा, असे २०१५ चा बाल न्याय अधिनियम सांगतो. संस्थांतील अनेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात. दारिद्र्याने त्यांना घरापासून तोडलेले असते. मूल घरीच राहावे म्हणून महाराष्ट्राची बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये झाले. एवढ्या रकमेत वाढत्या मुलाचा खर्च भागत नाही, आणि विधवा मातेला त्यासाठी कागदपत्रे घेऊन हेलपाटे घालावे लागतात. ती वाट सुकर केली, तर कित्येक मुलांना संस्थेचे दार पाहावेच लागणार नाही.

ज्यांना संस्थेवाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी लहान गट आणि वर्षानुवर्षे टिकणारा एक तरी काळजीवाहक ही किमान अट असावी. शिक्षकांचाही यात वाटा आहे. बालगृहातील मुलाला शेवटच्या बाकावर बसवून ‘तसलाच तो’ असा शिक्का मारणारा वर्ग संस्थेच्या भिंतीत आणखी एक वीट घालीत असतो. भिंती उंच करण्यावर जो पैसा व उत्साह आपण खर्च करतो, त्यातील निम्मा जरी मुलाजवळ टिकून राहणाऱ्या माणसावर खर्चिला, तर पळून जाण्याच्या बातम्या आपोआप कमी होतील.