आधी मोकळा काटा दाखवा!

वैरागच्या बाजारात ज्वारी घालायला आलेला शेतकरी पोतं चढवण्याआधी दरडावतो, "आधी मोकळा काटा दाखवा!" तो इंजिनिअर नाही, म्हणूनच बहुधा अक्कल शाबूत आहे.

माझा वैरागचा भाचा मात्र इंजिनिअर होतोय. त्यांच्या प्रयोगशाळेत एक डबा आहे. अडीच मायक्रोहेन्रीच्या दहा कॉइल्स ओळीने, आणि प्रत्येकीपाशी हजार पिकोफॅरडचा कपॅसिटर अर्थला जोडलेला. हिशेबाने हा डबा म्हणजे पन्नास ओहमची सुमारे शंभर मीटर केबल! सोंग झकास, पण साधारण सहा मेगाहर्ट्झच्या पुढे उतरतं. कुठे उतरतं, ते पाहायलाच तर नेटवर्क अ‍ॅनालायझर लावायचा.

लावायचा म्हणजे आधी त्याच्या वायरीचं टोक उघडं ठेवा, मग शॉर्ट करा, मग पन्नास ओहमचा लोड लावा, शेवटी दोन्ही वायरी एकमेकींना जोडा. हा झाला मोकळा काटा. नाहीतर यंत्र आपल्या वायरीचे दोष डब्याच्या माथी मारतं.

भाचा म्हणतो, "मामा, त्याला वेळ कुणाला? जर्नलात आकडे तयार असतात की!"

म्हणजे वर्गभर जर्नलं, आणि मोजलेलं एकानेही नाही! उद्या टॉवरवरच्या केबलमध्ये पाणी शिरलं, तर दोष केबलचा की यंत्राच्या वायरीचा, हे कोण सांगणार? जर्नल?

मास्तर, मार्क आकड्यांना देऊ नका. मोकळा काटा दाखवणाऱ्याला द्या. ज्वारीला मिळतो तेवढा मान विद्येलाही मिळायला हरकत नसावी.