शाखा निवडण्यापूर्वी काम पाहू द्या

सामायिक प्रवेश परीक्षेचे निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीकडे वळलेल्या तरुणांच्या घरोघरी एकाच प्रश्नाचा खल होऊ लागतो. विपणन घ्यावे की वित्त, मनुष्यबळ घ्यावे की उत्पादन व कार्यव्यवस्थापन, की अलीकडे ज्याचा बोलबाला आहे ते बिझनेस अॅनालिटिक्स घ्यावे, असा हा प्रश्न. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी बहुतेक कुटुंबे संस्थांच्या माहितीपत्रकांतील नोकऱ्यांचा तक्ता समोर घेऊन बसतात. ज्या शाखेपुढे वार्षिक वेतनाचा आकडा मोठा, ती शाखा उत्तम, असा निर्णय एका संध्याकाळी होतो आणि पुढील दोन वर्षांचीच नव्हे, तर पुष्कळदा पुढील वीस वर्षांची दिशा त्यातून ठरून जाते. हा निर्णय ज्या आधारावर होतो तो आधार कच्चा आहे आणि ज्या वेळी होतो ती वेळही चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधार कच्चा का, हे आधी पाहू. जो तक्ता आज विद्यार्थ्याच्या हाती पडतो, तो दोन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्यांना मिळालेल्या नोकऱ्यांचा असतो. आणि ज्या बाजारात आजचा विद्यार्थी उभा राहणार, तो बाजार दोन वर्षांनंतरचा असतो. म्हणजे निवडीचे कारण आणि निवडीचे फळ यांच्यात दोन वर्षांचे अंतर पडते, आणि व्यापारउदिमाच्या जगात दोन वर्षे हा लहान काळ नव्हे. २००७च्या उन्हाळ्यात गुंतवणूक बँकांच्या वेतनांकडे पाहून ज्यांनी वित्तशाखेचा निश्चय केला, ते पदवी घेऊन बाहेर पडले २००९ साली. मधल्या सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक कोसळून गेली होती आणि ज्या दारांकडे पाहून ही वाट धरली ती दारेच बंद झाली होती. त्यांतील ज्यांना हिशेबाची, पतपुरवठ्याची, भांडवलाच्या उभारणीची खरीखुरी गोडी होती त्यांना विषयाचाच आधार उरला. ज्यांना केवळ आकड्याने ओढून आणले होते त्यांच्यापाशी तेवढाही आधार नव्हता.

यावर पालक म्हणतात, आणि ते योग्यच म्हणतात, की घरावर शैक्षणिक कर्ज आहे, तेव्हा वेतनाचा विचार करू नये तर काय करावे? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा मुळीच नाही. जिल्ह्याच्या गावातील शिक्षकाने किंवा लहान दुकानदाराने मुलीच्या शिक्षणासाठी बँकेच्या कागदावर सही करावयाची, ही साधी गोष्ट नव्हे. परंतु त्याच कागदाकडे थोडे बारकाईने पाहिले, तर काय दिसते? साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू होतात आणि पुढे कित्येक वर्षे चालू राहतात. तेव्हा कर्ज फेडले जाते ते पहिल्या वर्षाच्या वेतनातून नव्हे, तर त्या कामात माणूस किती टिकला, किती वाढला, त्याच्यावाचून कार्यालयाचे अडू लागले की नाही, यातून. ज्या कामाचा तिसऱ्या महिन्यातच कंटाळा यावयाचा, ते काम कितीही मोठ्या आकड्याने सुरू झाले तरी कर्जदाराच्या दृष्टीने जोखमीचेच आहे.

आता मुळात या शाखा आल्या कोठून, हेही समजून घेतले पाहिजे. आंरी फायोल हा फ्रान्समधील खाणीचा अभियंता १८८८ साली एका डबघाईला आलेल्या खाण व पोलाद कंपनीचा प्रमुख झाला, त्याने ती सावरली आणि त्या अनुभवावरून १९१६ साली आपला व्यवस्थापनविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला. उद्योगातील कामांचे त्याने सहा वर्ग केले: तांत्रिक, व्यापारी, वित्तीय, संरक्षणविषयक, हिशेबाचे आणि प्रशासकीय. आजच्या आपल्या शाखा या वर्गीकरणाच्याच कुळातल्या आहेत. पण फायोलचे दुसरे प्रतिपादन आपण विसरलो: माणूस जसजसा वरच्या पदावर जातो, तसतसे त्याच्या स्वतःच्या वर्गातील कौशल्याचे महत्त्व कमी होते आणि सर्व वर्गांना एकत्र बांधणाऱ्या प्रशासकीय कौशल्याचे वाढते. शाखा म्हणजे कारभाराच्या सोयीसाठी पाडलेली खाती. प्रत्यक्ष उद्योगातील अडचण कोणत्या खात्यात मोडते हे विचारून उद्भवत नाही.

याचे आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे साखर कारखाना. बँकेत किंवा बहुराष्ट्रीय कंपनीत जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्या विद्यार्थ्याने गाळप हंगामात एखाद्या कारखान्यात आठ दिवस नुसते उभे राहावे. ऊस तुटला, की त्यातील साखर घटू लागते. म्हणून तोड, वाहतूक आणि गव्हाणीवरचा क्रम हे सारे तासांच्या हिशेबाने जुळवावे लागते, आणि कार्यव्यवस्थापनाच्या पुस्तकातील रांगांचे गणित तेथे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या रूपाने कारखान्याच्या आवारात उभे असते. तोडणीच्या टोळ्या बीड आणि आसपासच्या कोरडवाहू मुलखातून येतात. मुकादमामार्फत त्यांना हंगामाआधी उचल द्यावी लागते, टोळी न आल्यास ती रक्कम बुडते, आणि आली तर तिच्या निवाऱ्याची, औषधपाण्याची, मुलांच्या शाळेची जबाबदारी कोणाची हा प्रश्न उभा राहतो. हे मनुष्यबळ व्यवस्थापन नव्हे तर काय? १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांच्या आत शेतकऱ्याला रास्त व किफायतशीर दराने पैसे दिले पाहिजेत; परंतु साखर विकली जाते वर्षभर, तीही केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या मासिक कोट्याप्रमाणे, आणि २०१८पासून किमान विक्री दराचे बंधन सांभाळून. म्हणजे देणे चौदा दिवसांत आणि येणे बारा महिन्यांत. मधली खिंड भरून काढण्यासाठी गोदामातील साखर बँकेकडे तारण ठेवावी लागते, व्याज अंगावर घ्यावे लागते, आणि त्यातच मळीपासून इथेनॉल करावे की नाही, बगॅसवर वीज निर्माण करून विकावी की नाही, हे गुंतवणुकीचे निर्णय करावे लागतात. वित्ताचा जो विद्यार्थी खेळत्या भांडवलाचे सूत्र पाठ म्हणून दाखवतो, त्याला उसाच्या तोडीचे वेळापत्रक ठाऊक नसेल, तर त्या सूत्रातील एकही आकडा त्याला विश्वासाने भरता येणार नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीला धनंजयराव गाडगीळ होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेचा हा थोर अर्थशास्त्रज्ञ कारखान्याच्या अध्यक्षपदाची जबाबदारी घेतो आणि सभासद शेतकऱ्यांपुढे जमाखर्चाला उत्तरदायी राहतो, या गोष्टीचे महत्त्व आपल्या व्यवस्थापनशिक्षणाने अद्याप पुरते ओळखलेले नाही.

मनुष्यबळाच्या शाखेविषयी येथे थोडे अधिक लिहिणे मला कर्तव्य वाटते, कारण तिच्यावर मोठा अन्याय होत आला आहे. ही शाखा म्हणजे मुलींना सोयीची, हलकी, मुलाखती घेण्याची आणि वाढदिवस साजरे करण्याची, असा एक समज मध्यमवर्गीय घरांत रूढ आहे. ज्या राज्याने १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला मुंबईच्या गिरण्यांचा संप पाहिला, त्या राज्यात हा समज टिकून राहावा याचे मला दुःख होते. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक संघटनेचा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांचा विश्वास मात्र संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यावर बसला होता. कायद्याने ज्यांच्याशी बोलावयाचे ते वेगळे आणि कामगार ज्यांचे ऐकतो ते वेगळे, या पेचातून वाट काढता आली नाही, आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या त्या संपाचा अधिकृत शेवट कधी झालाच नाही. गिरण्या यापूर्वीच दुबळ्या झाल्या होत्या, जुन्या यंत्रांवर आणि यंत्रमागांच्या स्पर्धेत त्या चालल्या होत्या, हेही खरे. पण लालबाग-परळच्या घराघरांत जे घडले त्याचा अभ्यास ज्याने केला नाही, त्याने औद्योगिक संबंधांचे पुस्तक मिटून ठेवलेले बरे. मुंबईत १९३६ साली स्थापन झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि जमशेदपूरची १९४९ सालची झेवियर संस्था यांनी हा विषय गंभीरपणे शिकवला तो अशाच प्रश्नांच्या दडपणाखाली. कंत्राटी कामगारांवर चालणाऱ्या आजच्या चाकण-रांजणगावात त्या गांभीर्याची गरज तसूभरही कमी झालेली नाही.

विपणनाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. ज्याला उन्हातान्हात दुकाने फिरण्याचा, वितरकाची थकबाकी वसूल करण्याचा आणि महिनाअखेरच्या विक्रीच्या आकड्याचा धसका वाटत नाही, त्याने ती शाखा निःशंकपणे घ्यावी. अॅनालिटिक्ससंबंधी मात्र एक सावधगिरीची सूचना करणे भाग आहे. आकडेवारीचे विश्लेषण ही विद्या खरी आहे आणि उपयोगीही आहे. पण आकडा ज्या घटनेचा आहे ती घटना ज्याने पाहिली नाही, त्याला चुकीचा आकडा ओळखता येत नाही. म्हणून ती मुख्य शाखा म्हणून न घेता एखाद्या भरीव विषयाच्या जोडीला दुय्यम म्हणून घ्यावी, असे मी विचारणाऱ्यांना सांगत आलो आहे. कार्यव्यवस्थापनाकडे अभियांत्रिकीच्या पदवीधरांखेरीज सहसा कोणी वळत नाही, ही दुसरी मोठी उणीव. न्हावा-शेव्यासारखे बंदर, चाकणसारखा मोटारउद्योग आणि नाशिकची द्राक्षे व कांदा ज्या राज्यात आहेत, तेथील वाणिज्य आणि कृषी शाखेच्या पदवीधरांनी पुरवठासाखळीचा विषय परका का मानावा, हे मला कळत नाही.

आता वेळेचा प्रश्न. हार्वर्डची व्यवसायशाळा १९०८ साली निघाली. तेथे आजही पहिले वर्ष सर्वांना समान असते आणि पदवीवर शाखेचा शिक्का नसतो. तिच्याच सहकार्याने घडलेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतही, जी १९६१ साली स्थापन झाली, मूळ अभ्यासक्रमाचे पहिले वर्ष सक्तीच्या समान विषयांचे आणि दुसरे ऐच्छिक विषयांचे असते. आपल्याकडे मात्र काही विद्यापीठांत दुसऱ्या सत्रापासूनच शाखेचे विषय सुरू होतात. म्हणजे ज्या विद्यार्थ्याने कंपनीचे दप्तर आतून पाहिलेले नाही, ज्याला देयक आणि पावती यांतील फरकही नुकताच कळू लागला आहे, त्याला प्रवेशानंतर अवघ्या काही महिन्यांत हा निर्णय लेखी द्यावा लागतो. आणि उन्हाळी प्रकल्प, ज्यात त्याला प्रथमच एखाद्या संस्थेचा कारभार जवळून दिसावयाचा, तो येतो त्यानंतर. शिवाय तो प्रकल्पही आधीच निवडलेल्या शाखेतच करण्याची वहिवाट आहे. क्रम उलटा झाला आहे, आणि त्याचे मूल्य विद्यार्थी भरतो.

हा क्रम बदलेपर्यंत विद्यार्थ्याला स्वतःच्या हिमतीवर काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. ज्या शाखेचा विचार चालला आहे, त्या शाखेतून पाच-सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एखाद्या माणसाला गाठावे आणि त्याला वेतन न विचारता मागच्या मंगळवारी दिवसभर काय केले ते विचारावे. पतमूल्यांकन करणारा सांगेल की सकाळपासून एका उद्योगाचे ताळेबंद आणि वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे ताडून पाहत होतो. कार्यव्यवस्थापनातला सांगेल की एक सुटा भाग वेळेवर न आल्याने थांबलेल्या जुळणीमागे धावत होतो. मनुष्यबळातला सांगेल की हजेरीपटावरून झालेला तंटा मिटवत होतो. या तिघांपैकी कोणाच्या जागी आपण रोज बसू शकू, याचे प्रामाणिक उत्तर ज्याला मिळाले, त्याची निवड बव्हंशी झाली. त्यापलीकडे आपल्या घरचा, गावचा, परिसरातला उद्योग कोणता, त्याची नाडी आपल्याला कितपत कळते, हेही पाहावे. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाच्या मुलाला कापडाच्या धंद्यातील उधारीचे चक्र जन्मतः ठाऊक असते. तेच ज्ञान टाकाऊ समजून त्याने पुण्यात येऊन सर्वस्वी अनोळखी क्षेत्राच्या मागे लागावे, यात त्याचे आणि त्या धंद्याचेही नुकसान आहे. आणंदच्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेने १९७९ पासून, आणि पुण्याच्या वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्थेने सहकाराच्या क्षेत्रात, खात्याऐवजी क्षेत्र हाच अभ्यासाचा पाया मानून शिक्षण दिले आहे. आपल्या इतर महाविद्यालयांनी या रीतीचा विचार करावयास हरकत नसावी.

विद्यापीठांच्या व्यवस्थापन अभ्यासमंडळांना माझी विनंती आहे, की पहिली दोन्ही सत्रे सर्वांना समान ठेवावीत, उन्हाळी प्रकल्प कोणत्याही खात्यात करण्याची मुभा द्यावी, आणि शाखेचा अर्ज तो प्रकल्प पुरा करून विद्यार्थी परतल्यावर, तिसऱ्या सत्राच्या आरंभी भरून घ्यावा. यासाठी नवा निधी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. अभ्यासक्रमाच्या पुढील फेररचनेत एवढा एक ठराव संमत व्हावयास हवा.