नितळ पाण्यातील नायट्रेट

पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्दोष असतेच असे नाही. नायट्रेट डोळ्यांना दिसत नाही आणि उकळल्याने जात नाही; पाणी आटल्यावर उलट त्याचे प्रमाण वाढते. भारतीय मानकानुसार लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा आहे. त्याहून अधिक नायट्रेटच्या पाण्यात कालवलेल्या दूधभुकटीने तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून बाळ निळे पडू शकते.

नॅनोपदार्थांचे संवेदक नायट्रेट ओळखतात, लोहाचे नॅनोकण त्याचे रूपांतर घडवतात. मात्र त्यातून बहुधा अमोनिया उरतो, तोही काढावा लागतो. म्हणून या तंत्राचे स्वागत करतानाच विहिरीजवळचा उकिरडा हलवणे, खत बेताने देणे आणि पाणी नियमित तपासून घेणे ही कर्तव्ये आपण आधी पार पाडली पाहिजेत. तान्हे बाळ असलेल्या घराला उद्याच्या तंत्राची वाट पाहता येत नाही.