नग्नता आणि निर्लज्जता

चित्रपटांतील नग्न व शृंगारिक दृश्यांना कलेचें कांहीं प्रयोजन असतें काय, हा प्रश्न आपल्याकडे दोनच तऱ्हांनीं सोडविला जातो. एका पक्षास पदर ढळला कीं संस्कृति बुडाली असें वाटतें. दुसऱ्यास 'कला' हा शब्द उच्चारतांच सर्व जकात माफ झाली असें वाटतें. आमचें भांडण दोघांशींही आहे.

२०१७ च्या नोव्हेंबरांत गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळीं काय झालें तें वाचकांस स्मरत असेल. श्री. रवी जाधव यांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट परीक्षक मंडळानें निवडला होता. केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण खात्यानें तो मंडळास न विचारतां यादींतून वगळला, आणि मंडळाचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनीं राजीनामा दिला. पुढें सेन्सॉर मंडळानें कोठेंही कात्री न लावतां त्यास प्रौढांसाठींचें प्रमाणपत्र दिलें व २०१८ च्या एप्रिलांत तो चित्रपटगृहांत लागला. त्या महिन्यांत मराठी संस्कृति बुडाल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

त्या चित्रपटांत आहे काय? नवऱ्यास सोडून मुलासह मुंबईस आलेली यमुना सर जे. जे. कलाशाळेंत विद्यार्थ्यांपुढें विवस्त्र बसण्याचें काम पत्करते. त्या पैशांवर ती मुलास शिकविते; काम कसलें तें मात्र त्याला सांगूं शकत नाहीं. येथें वस्त्र उतरणें हा शृंगार नव्हे, रोजगार आहे. प्रेक्षकास आरंभीं वाटणाऱ्या संकोचाची जागा हळूहळू आदर घेतो. तीं दृश्यें काढून टाका. मग यमुनेनें काय गमावलें नि काय कमावलें हें सांगावयास कांहीं उरतच नाहीं. 'बँडिट क्वीन' च्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं हाच विवेक दाखविला. गांवासमोर विवस्त्र फिरविलेली स्त्री पाहून वासना चाळवत नाहीं, अत्याचाऱ्यांची शिसारी येते, हें त्या निकालाचें सार. 'शिंडलर्स लिस्ट' मधील नाझी छावणींतल्या नग्न कैद्यांचा दाखलाही त्यांत घेतला आहे.

परंतु ज्यांच्यासाठीं हा युक्तिवाद नाहीं तेच त्याचा अधिक लाभ घेतात! कथेप्रमाणें खोलींत दोघेंच असतात. कॅमेरा मात्र तिसऱ्याच कोणाच्या नजरेनें एकट्या स्त्रीच्या अंगावरून फिरतो. हा तिसरा कथेंत नसतो, तिकिटाच्या खिडकीशीं असतो. त्याच्या सोयीला 'कथेची गरज' म्हणणें ही शुद्ध लबाडी होय.

आमचें कुंभवली गांव ज्या पालघर जिल्ह्यांत आहे तेथील वारली चित्रांत दोन त्रिकोण टोकाशीं जोडले कीं माणूस उभा राहतो. त्याच्या अंगावर कपडे आहेत कीं नाहींत, हें कोणी विचारीत नाहीं. कलावादी मित्र हा दाखला मोठ्या उत्साहानें देतात. आम्हांस तो पटत नाहीं. भिंतीवरील त्रिकोण लाजत नाहीं. पडद्यावरचा देह मात्र एका जिवंत माणसाचा असतो, आणि चित्रीकरण संपल्यावर त्या माणसास घरीं जावयाचें असतें, बाजारांत जावयाचें असतें. 'लास्ट टँगो इन पॅरिस' या १९७२ च्या चित्रपटांतील बलात्काराच्या प्रसंगांत लोणी वापरलें जाणार हें आपण मारिया श्नायडर या तरुण नटीस मुद्दामच सांगितलें नव्हतें, तिचा अपमान खरा दिसावा म्हणून, अशी कबुली दिग्दर्शक बेर्तोलुची यांनीं पुढें स्वमुखें दिली. त्या चित्रपटाची कीर्ति मोठी असेल. त्या प्रसंगास आम्ही कला म्हणणार नाहीं.

अशा प्रसंगांची नटनटींच्या संमतीनें आंखणी करणारी स्वतंत्र व्यक्ति नेमण्याची पद्धत परदेशांत २०१८ नंतर रूढ होत गेली व आपल्याकडेही ती येऊं लागली आहे. कलेच्या नांवानें गळा काढणारे किती निर्माते ती पाळतात? खात्यानें परीक्षकांस विचारलें नाहीं म्हणून यांनीं केवढा गहजब केला! जिचा देह दाखवावयाचा तिला पुरतें सांगून, नाहीं म्हणण्याची मोकळीक ठेवून, यांनीं तरी कधीं विचारलें आहे काय?